देव पाण्यात

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंधा घाटाचे तोंड गाठण्यापूर्वी बराच वेळ नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने चालतो, आणि हिर्डोशीच्या आसपास आले म्हणजे एका अंगास सह्याद्रीच्या उतरत्या सोंडा व दुसऱ्या अंगास ते विस्तीर्ण, निश्चल पाणी यांच्यामधून जाणाऱ्या प्रवाशास आपला आवाज आपोआप खाली आणावासा वाटतो. हा मुलूख हिरडस मावळाचा. बांदल देशमुखांचे वतन, रोहिडा किल्ल्याचा अंमल आणि पुढे भोरच्या पंतसचिवांचे संस्थान असे निरनिराळ्या राजवटींचे शिक्के ज्याच्या दप्तरावर उमटले, त्या या खोऱ्याच्या नावात मात्र कोणाही सत्ताधीशाची खूण नाही. कानाला ऐकू येतो तो हिरडा, रानातले एक तुरट, औषधी फळ.

काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी पुष्कळ खाली गेलेले असताना, मी येथे एस.टी.ची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक वृद्ध शेतकरी उकिडवा बसला होता. मी शाळेत मराठी शिकवीत असे हे कळल्यावर त्याने मला लगेच ‘गुरुजी’ करून टाकले, हातातली काठी पाण्याकडे रोखली आणि म्हणाला, “आमचं गाव पाण्यात हाय, गुरुजी.” बोलणे पुढे चालावे म्हणून मी विचारले, “आणि गावातला देव?” तो म्हणाला, “तांदळा खालीच ऱ्हायला. द्येव घिऊन आलो वर.” तांदळा म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड. वरच्या अंगाला वसलेल्या नव्या वस्तीत एका लहानशा देवळात शेंदूर लावलेला दुसरा दगड होता, तो मी येताना पाहिला होता. तोच का हा देव, असे मी विचारताच माझ्या अज्ञानाची त्याला थोडी कीव आली असावी. “त्योच की ह्यो,” एवढेच तो बोलला.

मी तीस वर्षे मुलांकडून ‘पुढील वाक्यातील अलंकार ओळखा’ या प्रश्नाची उत्तरे लिहवून घेतली आहेत. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे घोकवून घेतली आहेत, आणि एका अलंकारास एक गुण या हिशेबाने त्या सर्व ज्ञानाची जमाबंदीही केली आहे. परंतु त्या दिवशी त्याच्या त्या लहान वाक्यांपुढे माझे सगळे शास्त्र उत्तरपत्रिकेच्या समासाबाहेर जाऊन उभे राहिले. दगड खाली राहिला आणि देव वर आला, आणि वरचा तो खालचाच, असे जेव्हा एक मनुष्य पूर्ण शुद्धीवर असताना बोलतो, तेव्हा तो भ्रमात असतो, अलंकारिक बोलत असतो, की केवळ खरे तेच सांगत असतो? धर्माची भाषा समजून घेण्याचा सारा प्रश्न मला या एका प्रश्नात सामावलेला दिसतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यास अलंकारशास्त्रासारखे दुसरे साधन नाही असे माझे मत आहे.

प्रथम पहिले वाक्य घेऊ. शब्दाच्या तीन शक्ती आपले साहित्यशास्त्र मानते: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. त्यांपैकी लक्षणेचे जे उदाहरण अकराव्या शतकातील मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’पासून आजच्या पाठ्यपुस्तकापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते गंगेवरील गवळीवाड्याचे. प्रवाहावर वाडी वसू शकत नाही, म्हणून मुख्यार्थास बाध येतो. बाध आला म्हणजे ‘गंगा’ या शब्दाचा ‘गंगेचा तीर’ असा जवळचा अर्थ घ्यावा लागतो. आणि मग सरळ ‘तीरावर’ असे न म्हणता ‘गंगेवर’ का म्हटले, याचा विचार करता त्या वाडीचा गारवा आणि तिचे पावित्र्य हा तिसरा, सुचविलेला अर्थ हाती लागतो. मुख्यार्थाचा बाध, जवळचा संबंध आणि प्रयोजन या तीन अटी पुऱ्या झाल्या म्हणजे लक्षणेचा दावा मान्य होतो. माझ्या शेजाऱ्याच्या वाक्यात मात्र पहिलीच अट मोडली होती. त्याचे गाव खरोखरीच पाण्यात होते. जे उदाहरण शास्त्रकारांनी अशक्य म्हणून निवडले, ते धरणाने शब्दशः घडवून आणले होते. तथापि मुख्यार्थास बाध नसताही तिसरा अर्थ तेथे होताच, आणि तो गारव्याचा नव्हता. वाच्यार्थ पुरता सिद्ध असूनही जे वाक्य वाच्यार्थापाशी थांबत नाही, त्याला आनंदवर्धनाच्या परंपरेत ध्वनी म्हणतात. आणि ‘आमचं’ या एका सर्वनामात तो ध्वनी इतका स्पष्ट होता की, तो ऐकण्यास कोणत्याही टीकेची गरज नव्हती.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. देवाविषयी बोलण्याच्या ज्या रीती आपल्या भाषेत आहेत, त्या अलंकारांच्या नावांनी एका ओळीत मांडल्या, तर मोठे मनोरंजक चित्र दिसते. देव आईसारखा आहे असे म्हटले की उपमा झाली. तेथे देव वेगळा, आई वेगळी, आणि दोघांत एक धर्म समान. देव म्हणजे जणू आईच असे म्हटले की उत्प्रेक्षा झाली. दोन वस्तूंमधील भिंत पातळ झाली, परंतु ‘जणू’ हा पहारेकरी अजून दारात उभा आहे. देव माझी आई आहे असे म्हटले की पहारेकरी गेला आणि रूपक झाले. हा दगड नव्हे, हा देव आहे असे म्हटले की अपन्हुती झाली. उपमेयाचा सरळ निषेध करून उपमान त्याच्या गादीवर बसविले. दगड पाहून दगडाची जाणीवच झाली नाही आणि देवच दिसला, तर भ्रांतिमान. आणि देवासारखा देवच, त्याला दुसरी उपमा नाही, असे म्हटले की अनन्वय. मुले हे पाठ करतात ते सहा निरनिराळे दागिने म्हणून. वस्तुतः दोन वस्तूंमधील भेद बोलणाऱ्याने कितपत राखला आहे, याचा तो एक काटेकोर ताळेबंद आहे. उपमेच्या व्याख्येत भेदाची अट मम्मटाने मुद्दाम घातली आहे, ती याचसाठी.

या ताळेबंदात रूपक आणि भ्रांतिमान यांच्यामधील रेषा सर्वांत महत्त्वाची आहे. दोहोंतही एका वस्तूवर दुसरीचा आरोप आहे, दोहोंतही ‘जणू’ नाही, आणि वाक्याच्या बाह्य घडणीवरून पुष्कळदा दोन्ही एकसारखीच दिसतात. भेद आहे तो जाणिवेचा. अंधारात दोरीला साप समजून पळणारा मनुष्य रूपक करीत नसतो. त्याला दोरी ठाऊकच नसते. उलट मुखाला चंद्र म्हणणाऱ्यास ते मुख आहे हे पक्के ठाऊक असते आणि तरीही तो तसे म्हणतो. अशा जाणूनबुजून, स्वेच्छेने केलेल्या प्रतीतीस शास्त्रकारांनी ‘आहार्य’ असे नाव दिले असून, सतराव्या शतकात जगन्नाथ पंडितांनी ‘रसगंगाधरा’त या संज्ञेचा बारकाईने उपयोग केला आहे. आहार्य म्हणजे आणलेले, मुद्दाम हाती घेतलेले. हा शब्द आपल्या शालेय व्याकरणातून गळून पडला याचे मला वाईट वाटते, कारण धर्माविषयीच्या अर्ध्याअधिक वादांची किल्ली त्या एका शब्दात आहे.

‘तांदळा खालीच राहिला’ असे म्हणणारा मनुष्य भ्रमात असूच शकत नाही. त्याने दगडाला दगड म्हटले आहे. तो किती खोल पाण्यात आहे हेही त्याला माहीत आहे. तो अपन्हुतीही करीत नाही, कारण दगडाचे दगडपण त्याने नाकारलेले नाही. आणि तरी ‘देव घेऊन आलो’ हे त्याचे पुढचे वाक्य आधीच्याइतकेच सरळ आहे. मूर्तिपूजकाला दगड आणि देव यांतला फरक कळत नाही असा जो आक्षेप शतकभर मोठ्या आवेशाने घेतला गेला, तो त्याच्या एका वाक्याने निकालात निघतो. आश्चर्य असे की, ज्यांना जगाचा सारा व्यवहारच अध्यासावर, म्हणजे एका वस्तूवरील दुसरीच्या आरोपावर, उभा दिसतो त्या शंकराचार्यांनीही उपासनेतील आरोप वेगळा काढला आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या तिसऱ्या अध्यायात ते सांगतात की, एका वस्तूची बुद्धी न मोडता तिच्यावर दुसरीची बुद्धी ठेवणे हाही एक अध्यास असून, प्रतिमेवर विष्णूची बुद्धी ठेवतात ती अशी. प्रतिमा प्रतिमा म्हणून दिसतच राहते. दोरीवरचा साप दिवा आणताच नाहीसा होतो. देवळातला देव मात्र समईच्या उजेडातच पाहावयाचा असतो.

येथे कोणी म्हणेल की, एवढे सगळे मान्य केले तरी निष्पन्न काय झाले? देव हे ‘केवळ रूपक’ ठरले, एवढेच ना? या ‘केवळ’ शब्दाचीच मला झडती घ्यावयाची आहे. याच मावळातल्या बाजीप्रभू देशपांड्यांनी आणि बांदलांच्या माणसांनी १६६० साली विशाळगडाच्या वाटेवरील घोडखिंडीत प्राण वेचले, आणि त्या खिंडीचे नाव पावनखिंड झाले. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने तेथील खडकात तिळमात्र फरक पडलेला नाही. ‘पावन’ हा विशेषणाचा आरोप आहे, आणि ज्यांनी तो केला त्यांना तो खडकच आहे हे ठाऊक होते. परंतु त्या नावास ‘केवळ अलंकार’ म्हणून बाजूस सारील आणि जुने घोडखिंड हेच नाव खरे मानील, त्याला त्या जागेविषयी अधिक सत्य कळले असे कोण म्हणेल? काही गोष्टी अशा असतात की, त्यांचे यथार्थ वर्णन आरोपावाचून होतच नाही. तेथे अलंकार हा अर्थावर चढविलेला साज राहत नाही, अर्थाला उभे राहण्यास मिळालेली ती एकमेव भूमी असते.

आपल्या दर्शनकारांना हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी शब्दशक्तीचा विचार कवींच्या हाती सोपवून दिला नाही. यज्ञाचा खांब हा सूर्य आहे, दर्भाची मूठ हा यजमान आहे, अशा अर्थाची वेदातील वाक्ये समोर आली तेव्हा मीमांसकांनी ती खोटीही ठरविली नाहीत आणि अक्षरशः खरीही मानली नाहीत. गुणसाम्यावरून केलेला तो गौण प्रयोग होय, असा निवाडा त्यांनी दिला. वेदान्ताची कथा याहून विलक्षण आहे. जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य सांगणारे महावाक्य अक्षरशः घेतले तर विसंगत ठरते, कारण अल्पज्ञ जीव आणि सर्वज्ञ ईश्वर हे एक कसे असतील? म्हणून अद्वैत्यांनी तेथे लक्षणा मानली, आणि तिचे जे उदाहरण दिले ते एका साध्या माणसाचे: पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज येथे भेटला म्हणजे आपण ‘तोच हा’ असे म्हणतो. ‘तो’ या शब्दातला जुना काळ व जुने स्थळ सोडावयाचे, ‘हा’ या शब्दातला आजचा काळ व आजचे स्थळ सोडावयाचे, आणि जो उरतो तो देवदत्त घ्यावयाचा. काही भाग टाकून काही भाग राखणाऱ्या या लक्षणेला भागत्यागलक्षणा म्हणतात. हे मी मुलांना सांगितले नसेल, पण स्वतः अनेकदा वाचले होते. आणि तरी “त्योच की ह्यो” हे शब्द प्रत्यक्ष कानावर पडेपर्यंत त्यात भागाचा त्याग करणाऱ्याला काय काय टाकावे लागते, याची मला कल्पना नव्हती. त्या वृद्धाने ‘तो’मधून एक अख्खे गाव सोडून दिले होते.

मराठी भाषेने तर आपल्या बाल्यातच हा प्रश्न हाती घेतलेला दिसतो. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केशोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत संकलित केले, आणि प्रत्येक प्रकरणाची मांडणी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टान्तिक अशी त्रिविध ठेवली. प्रथम सिद्धान्त, मग गोष्ट, आणि शेवटी गोष्टीतले कोणते अंग सिद्धान्तातील कोणत्या अंगास लावावयाचे याचा निर्वाळा. हत्तीला चाचपडणाऱ्या जन्मांधांची गोष्ट तेथे आहे, परंतु श्रोत्याने हत्तीतच रमू नये याची काळजीही तेथेच घेतलेली आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांना सर्वथा भिन्न मानणाऱ्या द्वैती संप्रदायास उपमानाचे कुंपण असे पक्के घालावेसे वाटावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु १२९० साली नेवाशास ‘ज्ञानेश्वरी’ सांगणारे ज्ञानदेव अद्वैती होते, आणि तरी त्यांचा जीव रूपकापेक्षा ‘जैसे’ आणि ‘तैसे’ यांच्या जोडीतच अधिक रमतो. ज्याला भेद मान्य नाही त्याने भेदावाचून न जगणारी उपमा इतकी मुक्तहस्ते का वापरावी? मला वाटते, श्रोता भेदाच्या काठावर उभा आहे याचे त्यांना कधी विस्मरण होत नाही. उपमा ही त्याच्यासाठी टाकलेली पायरी आहे; आणि म्हणूनच एक उपमा देऊन ते थांबत नाहीत, दुसरी देतात, तिसरी देतात, म्हणजे कोणत्याही एका पायरीवर त्याने बिऱ्हाड करू नये.

तेच ज्ञानदेव ‘अमृतानुभवा’च्या शब्दखंडन या सहाव्या प्रकरणात शब्दाची आधी उदंड स्तुती करतात, अमूर्ताला दाखविणारा आरसा म्हणून त्याला गौरवितात, आणि मग शांतपणे विचारतात की, शब्दाचे काम विसरलेल्याची आठवण देण्याचे, जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्या आत्म्याला आठवण ती कशाची द्यावयाची? अलंकारांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे अनन्वयही संपतो, कारण अनन्वयाला निदान एकाच वस्तूचे दोनदा नाव घ्यावे लागते. अर्थात शब्दाचे असे खंडन करण्याचा अधिकार त्यांना होता, कारण शब्दाची सर्व दौलत त्यांनी आधी खर्ची घातली होती. उपमेच्या वाटेला न जाता थेट मौनात शिरणाऱ्याचे मौन पुष्कळदा नुसते न बोलणेच असते.

हिर्डोशीवरून पुढे गेलेला रस्ता वरंधा घाटाने कोकणात उतरतो, आणि घाटाच्या पायथ्याच्या रानात, धबधब्याच्या शेजारी, शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ येथे सांगितला अशी श्रद्धा असून, धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली या घळीचा शोध लावला. त्या ग्रंथाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे तीन प्रकार केले आहेत: धीट, पाठ आणि प्रासादिक. मनास येईल ते धिटाईने जुळविले ते धीट. अनेक ग्रंथ पाहून त्यांच्या धर्तीवर रचले ते पाठ. आणि वैभवाविषयी विरक्त झालेल्या अंतःकरणातून, भगवंताच्या प्रसादाने आपोआप उमटले ते प्रासादिक. समर्थांनी हे कवींविषयी लिहिले असले, तरी ते श्रद्धेलाही तंतोतंत लागू पडते. ज्याने स्वतः काहीएक ओळखून देवाला आई म्हटले त्याचे रूपक आहार्य असते. जो केवळ इतरांचे ऐकून तसे म्हणतो त्याचे रूपक पाठ असते, आणि पाठ रूपक काही काळाने आपण रूपक आहोत हेच विसरते. मग त्याची आज्ञा होते, आज्ञेची शिक्षा होते, आणि एके काळी ज्या शब्दाने माणसाला आकाश दाखविले त्याच शब्दाचा हुकूमनामा करून शेजाऱ्याला वाळीत टाकण्यात येते. रूपकाचा भ्रांतिमान होण्याची ही जी प्रक्रिया, तिलाच मी धर्माचा ऱ्हास समजतो. ‘केवळ रूपक’ म्हणणारा सुधारक आणि ‘अक्षरशः खरे’ म्हणणारा कर्मठ हे वरवर परस्परांचे वैरी दिसले, तरी त्या दोघांनाही आहार्य हा शब्द शिकविलेला नसतो, एवढे त्यांच्यात साम्य आहे. ही उपमाच झाली. पण भेद राखून केली आहे.

आपल्या भाषेत दृष्टांताला ‘दाखला’ म्हणतात, आणि मामलेदार कचेरीतून मिळणाऱ्या कागदालाही ‘दाखला’च म्हणतात. हा केवळ श्लेष नव्हे. धरणात जमीन गेलेल्या माणसाला प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला मिळतो. तो कागद म्हणजे त्याची जमीन नव्हे, पण त्या कागदावाचून जमीन होती हे कोणी मानीत नाही. दृष्टांताचे तसेच आहे. तो देव नव्हे. परंतु जे डोळ्यांआड झाले त्याचा हक्क आजच्या व्यवहारात त्यानेच शाबूत राखलेला असतो.

याच भोर तालुक्यात, वेळवंडी नदीवरील आणि १९२७ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या फुगवट्यात, कांबरेश्वराचे एक जुने शिवालय आहे. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते, आणि मग चिखल तुडवीत लोक दर्शनाला जातात. मोठ्या आतुरतेने एखाद्या गोष्टीची वाट पाहणाऱ्याला आपण ‘देव पाण्यात घालून बसला आहे’ असे म्हणतो. येथे देव खरोखरीच पाण्यात आहे, आणि वाटही खरोखरीच पाहिली जाते. वाक्प्रचाराचा वाच्यार्थ कोठे संपतो आणि श्रद्धा कोठे सुरू होते, हे त्या चिखलात उभ्या राहिलेल्या भक्ताला कोणी विचारू नये. त्याला पाणी आणि देव या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या ठाऊक आहेत.

त्या दिवशी हिर्डोशीस माझी एस.टी. उशिरा आली. आम्ही दोघेही चढलो. कंडक्टर जवळ येताच म्हाताऱ्याने कनवटीचे पैसे काढले आणि तिकिटासाठी आपल्या गावाचे नाव सांगितले. काठीने मघा पाण्यात दाखविले होते, तेच नाव. मी कंडक्टरच्या तोंडाकडे पाहिले. त्याने काही न विचारता तिकीट फाडून त्याच्या हातात दिले, आणि गाडी त्या गावाकडे निघाली.